‘गाऊ का?’ विचारणारी माणसं

दवाखान्यात भरती झालं, की पहिल्या तासाभरात माणसाचे कपडे बदलतात. मनगटाला पट्टी लागते, हाताला सुई टोचली जाते आणि मग एकेक गोष्ट त्याच्या हातून निसटू लागते. अंघोळ कधी, जेवण काय, रक्त कितीदा काढायचं, दिवा किती वाजता मालवायचा, भेटायला कोण येणार, हे सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं. दुखणं साधं असेल तर माणूस चार दिवस हे निमूट सोसतो, कारण घरी जायचा दिवस त्याला ठाऊक असतो. पण कॅन्सर अंगभर पसरलाय, मूत्रपिंडं थकलीत, फुप्फुसं साथ देत नाहीत, अशा दुखण्यात तो दिवस ठरलेला नसतो. त्यात घरची माणसंही, मायेपोटीच, त्याच्या उशाशी उभी राहून त्याच्याबद्दल एकमेकांशी बोलू लागतात. ‘बाबांना आत्ता हे सांगू नका.’ ‘आईला जरा पडू दे.’ आयुष्यभर ज्यानं घर चालवलं त्याला उशी कोणत्या बाजूला हवी, हेसुद्धा कुणी विचारत नाही.

अशा खोलीच्या दारात एखादा अनोळखी माणूस येऊन थांबतो. त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप नसतो, हातात फाइल नसते. गिटार असते, बासरी असते, नाहीतर नुसता गळा. आत पाऊल टाकण्यापूर्वी तो विचारतो, ‘‘गाऊ का?’’ पेशंट म्हणतो, ‘‘नको.’’ तो मान डोलावतो आणि पुढच्या खोलीकडं वळतो.

फेरी फुकट गेली, असं बघणाऱ्याला वाटेल. मला वाटतं, काम झालं. त्या दिवसातला पेशंटनं स्वतः घेतलेला तो बहुधा पहिला निर्णय होता आणि तो तिथल्या तिथं पाळला गेला. सुई नको म्हणणं जड जातं, सलाईन नको म्हटलं तर चार माणसं समजूत घालायला येतात. गाणं मात्र बिनदिक्कत नको म्हणता येतं. आणि ते म्हणता येतं म्हणूनच दुसऱ्या दिवशी तोच माणूस ‘हं, म्हणा’ असंही म्हणू शकतो. गंभीर आजारी माणसांसाठी पैसे न घेता गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं काम जगात अनेक ठिकाणी चालतं. त्या कामाविषयी जसजसं वाचत, बघत, विचारत गेले, तसतसा त्याचा गाभा मला या एका प्रश्नात दिसू लागला. सूर त्यानंतर येतात.

पडदा, टेलिफोन आणि एक धर्मगुरू

दुखणाइताच्या उशाशी बसून हरिपाठ म्हणायची रीत आपल्याकडं जुनीच आहे. पण ती घरातली, आळीतली, ओळखीच्या माणसांतली. ज्याचं नावही ठाऊक नाही अशा पेशंटसाठी संघटना बांधून, दवाखान्यात जाऊन गायचं, हा विचार त्या मानानं अलीकडचा. त्याचा एक ठळक आरंभ १८९१ साली लंडनमध्ये सापडतो. कॅनन फ्रेडरिक हार्फर्ड नावाच्या धर्मगुरूंनी त्या वर्षी ‘गिल्ड ऑफ सेंट सिसिलिया’ सुरू केली. सिसिलिया ही ख्रिस्ती परंपरेतली संगीताची संत. गायक-वादकांच्या छोट्या तुकडीनं पेशंटच्या नजरेआड बसायचं आणि अगदी हलक्या आवाजात गायचं, अशी हार्फर्ड यांची योजना होती. त्यांचं पुढचं स्वप्न आणखी धाडसी होतं. लंडनमध्ये तेव्हा टेलिफोन नवाच होता. एका मध्यवर्ती ठिकाणी गायचं आणि टेलिफोनच्या तारेवरून ते गाणं शहरातल्या दवाखान्यांत पोचवायचं, असं त्यांच्या मनात होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या कामाला पाठिंबा दिला. पण पैसा अपुरा पडला, हार्फर्ड यांची तब्येत ढासळली आणि गिल्ड फार काळ टिकली नाही.

नाइटिंगेल यांचा पाठिंबा वरवरचा नव्हता. १८५९ सालच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात त्यांनी आजाऱ्यांवर होणाऱ्या संगीताच्या परिणामाबद्दल थोडक्यात, पण फार नेमकं लिहून ठेवलं आहे. फुंकून वाजवायची वाद्यं, माणसाचा गळा आणि ज्यांचा सूर सलग टिकतो अशी तंतुवाद्यं आजाऱ्याला बहुधा मानवतात; पियानोसारख्या, सूर तुटत जाणाऱ्या वाद्यांचा परिणाम उलटा होतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. संगीत इतकं महाग आहे, की दवाखान्यांत त्याचा सर्रास वापर होणं अशक्य, हेही त्यांनी त्याच ओघात नोंदवलं. पहिला मुद्दा सुराचा आणि दुसरा खर्चाचा. दुसऱ्याला उत्तर दिलं ते पैसे न घेणाऱ्या गायकांनी. पहिल्याचं उत्तर मात्र माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

मिरजेचा सलग सूर

मी सांगलीची. मिरज आमचं शेजारगाव आणि अख्ख्या दक्षिण महाराष्ट्राचं दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल तिथं १८९४ साली उभं राहिलं. सीमेपलीकडच्या कर्नाटकातले पेशंटही पिढ्यानपिढ्या मिरजेची वाट धरत आले. त्याच गावात, दवाखान्यांपासून फार लांब नाही अशा गल्ल्यांमध्ये, तंबोरे आणि सतारी बनतात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हे काम हाती घेतलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

या गावात औषध आणि गाणं एकमेकांना अनेकदा भेटलंय. कुरुंदवाडच्या विष्णू नावाच्या मुलाचे डोळे फटाक्यानं भाजले. उपचारासाठी त्याला मिरजेला आणलं. दृष्टी काही पूर्ववत झाली नाही, तेव्हा डॉ. भडभडे यांनी सुचवलं, की पोराला गाणं शिकवा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेतच होते. त्यांच्याकडं तयार झालेल्या या मुलानं, म्हणजे पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी, ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली आणि गाणं सामान्य घरांत नेलं. १९३१ साली त्यांचं निधन झालं तेही मिरजेत. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथं दरवर्षी गाण्याची सभा भरते.

नाइटिंगेल यांना जो सलग सूर हवा होता तो तंबोऱ्यात कसा येतो, हे मिरजेत जवारी लावून तारेचा नाद खुलवणाऱ्या कारागिराशेजारी बसून बघावं. भोपळा, दांडी, खुंट्या सगळं जागेवर असतं. पण तार छेडली, की नुसता कोरडा टणत्कार उठतो आणि विरतो. मग कारागीर घोडी घासतो, तपासतो, पुन्हा घासतो. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतो, कणभर पुढं, कणभर मागं. एका जागी तो दोरा येतो आणि तीच तार अचानक उलगडते. टणत्कार संपत नाही, गुंजत राहतो. चार तारा एकापाठोपाठ एक छेडल्या, की मधे भेग उरत नाही.

वॉर्डात या गुणाचं मोल मोठं आहे. तिथले सगळे आवाज तुटक आणि अचानक असतात: मॉनिटरची टिकटिक, स्टीलच्या ट्रेचा खणखणाट, लिफ्टचा दरवाजा, कुणाच्या तरी मोबाइलची रिंग. पडून असलेल्या माणसाचं शरीर प्रत्येक आवाजाला दचकतं. सलग सुराला दचकायचं कारण नसतं. खरा तंबोरा वॉर्डात नेणं अवघड असतं. मोबाइलमधला किंवा डबीएवढ्या यंत्रातला तंबोरा उशापासून जरा लांब, बारीक आवाजात ठेवला तरी गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही आधार होतो.

दार वाजवणारा वेगळा, गाणारा वेगळा

आजच्या संघटित कामाची दोन उदाहरणं अमेरिकेतली आहेत आणि दोन्ही शिकण्यासारखी आहेत.

पहिलं ‘म्युझिशियन्स ऑन कॉल’चं. मायकेल सॉलोमन आणि भारतीय वंशाचे निर्माते विवेक तिवारी यांनी १९९९ मध्ये न्यूयॉर्कला ही संस्था उभी केली. जवळच्या माणसांची आजारपणं आणि मृत्यू दोघांनीही तरुण वयात पाहिले होते. कॅन्सर हॉस्पिटलमध्ये त्यांनी एका सभागृहात गाण्याचा कार्यक्रम ठेवला. तेव्हा तिथल्या एका नर्सनं लक्षात आणून दिलं, की ज्यांना याची सर्वांत जास्त गरज आहे ते पेशंट खोलीबाहेर पडूच शकत नाहीत. मग गायक खोल्याखोल्यांतून जाऊ लागले. एका नर्सच्या त्या वाक्यातून संस्थेची सगळी रीत ठरली: पेशंटनं गाण्याकडं यायचं नाही, गाण्यानं पेशंटकडं जायचं.

या संस्थेची एक पद्धत मला फार मोलाची वाटते. गायकासोबत आणखी एक स्वयंसेवक असतो. तो गात नाही. दार वाजवणं, ओळख करून देणं, ऐकायचंय का हे विचारणं, ही त्याची कामं. मैफलीत टाळ्या मिळवलेल्या कलावंताला ‘नको’ ऐकणं जड जातं; नकळत तो आग्रह करतो. विचारणारा वेगळा असला, की पेशंटला कुणाचं मन मोडल्याचं ओझं वाटत नाही.

दुसरं उदाहरण ‘थ्रेशोल्ड क्वायर’चं. १९९० साली केट मंगर या कॅलिफोर्नियातल्या बाई एड्सनं मरणाच्या दारी पोचलेल्या आपल्या मित्राच्या सोबतीला गेल्या. सकाळभर त्यांनी घरातली कामं उरकली. दुपारी त्याच्याजवळ बसायची वेळ आली तेव्हा काय करावं सुचेना. तो शुद्धीत नव्हता, पण तळमळत होता. घाबरल्या, की त्या गात असत. म्हणून त्यांनी गायला सुरुवात केली. एकच गाणं, पुन्हा पुन्हा, दोन तासांहून जास्त वेळ. हळूहळू तो निवला आणि त्याही निवल्या. मार्च २००० मध्ये एल सेरिटो या गावात त्यांनी काही बायकांना एकत्र बोलावलं आणि पहिला गट जमला. आज अशा गटांची संख्या दोनशेच्या आसपास आहे.

त्यांची शिस्त काटेकोर आहे. एका खाटेशी दोन ते चार जण, त्याहून जास्त नाहीत. साथीला वाद्य नाही. आवाज अंगाईइतका. गाणी छोटी, दोन-चार ओळींची, सहज फिरून म्हणता येतील अशी; बरीचशी गटातल्या सदस्यांनीच बांधलेली. कुठल्या एका धर्माचं गाणं आपणहून म्हणायचं नाही. पेशंटनं किंवा घरच्यांनी मागितलं तर आनंदानं म्हणायचं. पैसे घ्यायचे नाहीत. सरावाच्या वेळी सदस्यांपैकी एक जण मधल्या आरामखुर्चीत पडतो आणि बाकीचे त्याच्यासाठी गातात. पाळीपाळीनं प्रत्येक जण त्या खुर्चीत जातो. पडल्या जागेवरून आवाज किती मोठा वाटतो, चेहऱ्यावर वाकलेलं माणूस किती जवळ येतं, हे शिकवायला त्या खुर्चीसारखा गुरू नाही.

श्वासाच्या मागं चालणं

तेरेझ श्रोडर-शेकर या हार्पवादक बाई आणखी एक पाऊल पुढं गेल्या. तरुणपणी त्या डेन्व्हरच्या एका वृद्धाश्रमात काम करत होत्या. तिथं फुप्फुसाच्या आजारानं अखेरच्या घटका मोजणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाला त्यांनी पाठीशी बसून आधार दिला आणि त्याच्या श्वासाबरोबर हलक्या आवाजात जुनी लॅटिन प्रार्थनागीतं म्हटली. त्या अनुभवातून त्यांनी एक शिस्तच उभी केली. १९९२ पासून मोंटाना राज्यातल्या मिझूलाच्या सेंट पॅट्रिक हॉस्पिटलमध्ये त्यांनी तिचं रीतसर शिक्षण देणारी शाळा चालवली. त्यांच्या पद्धतीत वादक पेशंटची छाती आणि चेहरा बघत राहतो. श्वास उथळ आणि भरभर असेल तर सूर त्याला धरून जातात, मग हळूहळू मंदावतात. श्वास मधेच थांबला तर हार्पही थांबतो. ठेका असा नसतोच, कारण ठेका आला, की शरीर त्याच्यामागं धावू लागतं.

हे वाचताना आपल्या गाणाऱ्यांना आलाप आठवल्याशिवाय राहणार नाही. तालाविना, घाई न करता, एका स्वरावर ऐसपैस थांबणं हे आपल्या संगीतात कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. फरक एवढाच, की मैफलीत कुठं थांबायचं ते गायक ठरवतो आणि इथं ते खाटेवरचा माणूस ठरवतो, कित्येकदा डोळे मिटून, काही न बोलता.

पण असा माणूस ऐकत तरी असतो का? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये याचं अंशतः उत्तर दिलं. व्हँकुव्हरच्या सेंट जॉन हॉस्पिसमधल्या पेशंटांच्या डोक्याला विद्युतसंवेदक लावून त्यांनी साध्या स्वरांच्या ओळी ऐकवल्या आणि मधेच ओळीची ठेवण बदलली. कशालाच प्रतिसाद न देणाऱ्या, अखेरच्या काही तासांत असलेल्या पेशंटांपैकी काहींच्या मेंदूनं तो बदल टिपला, अगदी धडधाकट तरुणांच्या मेंदूप्रमाणं. त्यांना त्याचा अर्थ कळला का, हे या प्रयोगातून सिद्ध होत नाही. कानावर आलेलं मेंदूपर्यंत पोचत होतं, एवढं नक्की. उशाशी उभं राहून ‘त्यांना आता काही कळत नाही’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवायला हवं.

गाण्यानं काय होतं, काय होत नाही

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. गाण्यानं कॅन्सर बरा होत नाही. अमुक राग रक्तदाबावर, तमुक राग मधुमेहावर, अशा याद्या आपल्याकडं मोबाइलवर फिरत असतात. त्यांच्या भरवशावर कुणी औषध लांबवलं तर तो जिवाशी खेळ आहे. वेदनेनं कण्हणाऱ्या माणसाला आधी मॉर्फिनसारखं योग्य औषध मिळालं पाहिजे. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ते मिळण्याची वाट कागदावर तरी सोपी झाली. जिथं वेदनाशामक नाही तिथं गाणं नेणं म्हणजे उपाशी माणसाला पान-सुपारी पुढं करणं.

मग गाण्यानं होतं काय? कॉक्रेन या संस्थेनं २०२१ मध्ये कॅन्सर आणि संगीत या विषयावरच्या ८१ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत ५,५७६ जण सहभागी होते. चिंता, वेदना, थकवा, उदासी यांत मोठ्या माणसांना संगीतानं आराम मिळू शकतो, असा निष्कर्ष निघाला. मात्र पुराव्याची खात्री बरीचशी कमी प्रतीची आहे, हेही त्यांनी लिहिलं. या चाचण्यांत प्रशिक्षित संगीतोपचारकांचं कामही आहे आणि नुसतं रेकॉर्डिंग ऐकवणंही. संगीतोपचार हा वेगळा, शिकून करायचा व्यवसाय आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी गाणाऱ्यांच्या अनुभवातून त्याची गरज पटली आणि १९४४ साली मिशिगनमध्ये त्याचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. स्वयंसेवक गायकानं उपचारकाचा आव आणू नये. तो सोबत द्यायला आलेला असतो आणि ती छोटी गोष्ट नाही.

१९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या डॉ. सिसिली सॉण्डर्स सांगत असत, की मरणाऱ्या माणसाची वेदना एकपदरी नसते. शरीर दुखतं, मन दुखतं, घरादाराची काळजी दुखते आणि ‘माझ्या जगण्याला काही अर्थ होता का’ हा प्रश्नही दुखतो. पहिल्या दुखण्यावर गोळी असते. शेवटच्यावर नसते. तिथं माणसाला पुन्हा आपण कोण होतो ते आठवावं लागतं आणि गाणं ते आठवून देतं.

हादगा

माझ्या आत्याला अन्ननलिकेचा कॅन्सर झाला होता. अखेरच्या महिन्यात ती घरीच होती. पाणीसुद्धा चमच्यानं, घोट घोट. तिच्या आळीतल्या भजनी मंडळाच्या बायका एका संध्याकाळी आल्या. नेहमीप्रमाणं टाळ होते, पेटी होती. पहिला अभंग सुरू झाला आणि टाळांच्या आवाजानं आत्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाकीच्यांचे डोळे मिटलेले होते. मंडळातल्या सर्वांत मोठ्या काकूंचं मात्र तिच्या चेहऱ्याकडं लक्ष होतं. त्यांनी हात वर केला, टाळ पदरात गुंडाळून बाजूला ठेवले आणि खाटेच्या कडेला टेकल्या. ‘‘अक्का, तू सांग. काय म्हणू?’’

आत्याला बोलायला वेळ लागला. मग ती म्हणाली, ‘‘हादग्याचं म्हण.’’

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. हादगा म्हणजे हस्ताचा पाऊस, पाटावर खडूनं काढलेला हत्ती, परकरी पोरींचा फेर. साठी ओलांडलेल्या त्या बायकांनी ती गाणी कित्येक वर्षांत म्हटली नव्हती. एकीनं सुरुवात केली, दुसरीला पुढची ओळ आठवली, तिसरी म्हणाली, आमच्याकडं तसं नव्हतं, असं होतं. थोड्या वेळानं सगळ्या उठल्या. खाट भिंतीपासून पुढं ओढली आणि तिच्याभोवती फेर धरला. मीही त्यांच्यात गेले. आत्याचे हात चादरीवर ठेका धरत होते.

गाणी संपली, की हादग्यात खिरापत ओळखायची असते. ज्या घरची खिरापत तिनं डबा झाकून ठेवायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचं. फेर थांबला आणि आत्या म्हणाली, ‘‘ओळखा.’’ जिच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं ती त्या दिवशी यजमानीण झाली होती. मग रीतसर सवाल-जवाब झाले. गोड? तिखट? वाटलेलं, की भिजवलेलं? बायका हरल्या. आत्यानं शेवटी सांगितलं, ‘‘वाटली डाळ.’’ आणि लगेच म्हणाली, कैरी घातलेली, माझ्या आईच्या हातची.

अभंग नको होता असं नाही. पुढं तीन-चार दिवसांनी तिनं आपणहून भजन म्हणायला सांगितलं, टाळ न वाजवता. पण त्या संध्याकाळी तिला परकरी पोर व्हायचं होतं. मरणाच्या दारातल्या माणसाला देवाचंच काही हवं असणार, हे आपण धरून चालतो. काकूंनी ते धरून न चालता विचारलं. तेवढ्यानं घरात काय बदललं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून घरातले सगळे तिला विचारू लागले: खिडकी उघडू का, उशी कुठं ठेवू, आज कोणाला भेटायचंय.

वॉर्डातली रीत

हे काम करणाऱ्यांकडून आणि नर्सबाईंकडून जी पथ्यं ऐकायला मिळतात, ती कुणालाही पाळता येतील अशी आहेत. जाण्याआधी सिस्टरना विचारायचं; ड्रेसिंग, औषधं आणि डॉक्टरांचा राउंड टाळायचा. हात धुवायचे, वाद्य पुसायचं, सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जायचं नाही. गजरा माळायचा नाही, अत्तर लावायचं नाही; केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला साध्या वासानंही मळमळतं आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या पेशंटजवळ ताजी फुलं बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत. प्रसाद द्यायचा नाही. औषधांचे, पथ्यांचे, बुवा-बाबांचे सल्ले द्यायचे नाहीत. फोटो नाही, व्हिडिओ नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही विचारायचं, कारण ऐकावं त्यालाही लागणार असतं.

बसायचं, उभं राहायचं नाही. पडलेल्या माणसाला उभा माणूस फार उंच दिसतो. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. गाताना डोळे उघडे ठेवायचे. कपाळाच्या आठ्या, मुठी, पायाची बोटं, श्वास, हे सगळं बोलत असतं. गाणं संपल्यावर लगेच दुसरं सुरू करायचं नाही. निरोपाची, वैराग्याची गाणी आपण होऊन निवडायची नाहीत. कुणाला लावणी हवी असते, कुणाला कोळीगीत, कुणाला ज्या सिनेमाला चोरून गेलो त्यातलं गाणं. आपल्याला ते येत नसेल तर पेशंटनं गुणगुणावं आणि आपण मागं मागं म्हणावं. यासारखी मैफल नाही.

पेशंट शांत ऐकतो आणि दारात उभ्या असलेल्या मुलाला हुंदका फुटतो, असं पुष्कळदा होतं. महिनोन्महिने बिलं, रिपोर्ट आणि रिक्षा यांत अडकलेल्या माणसाला बसून रडायला मिळालेली ती पहिली दहा मिनिटं असतात. त्याला गप्प करायला जाऊ नये. आणि गाणाऱ्यांनीही बाहेर आल्यावर थेट घर गाठू नये. जोडीदाराशी चहा घेत बोलावं. मागच्या वेळी ज्या खाटेशी गायलो ती आज रिकामी दिसली, हे एकट्यानं वाहायचं ओझं नाही.

आपल्याकडं काय हवं

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख माणसांना उपशामक सेवेची, म्हणजे बरं न होणाऱ्या दुखण्यात त्रास कमी करणाऱ्या सेवेची गरज असते. ती मिळते जेमतेम १४ टक्क्यांना. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. गोव्यात लोटलीलाही त्याची शाखा आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं उपशामक केंद्र १९९७ पासून विनामूल्य चालतं. ही केंद्रं मोजकी आहेत, गरज गावोगावी आहे.

केरळनं यातून वाट काढली ती शेजाऱ्यांच्या बळावर. १९९३ साली कोळिकोडला सुरू झालेल्या कामातून पुढं गल्लीगल्लीतले स्वयंसेवक तयार झाले, जे आठवड्यातून काही तास आपल्या भागातल्या खाटेवरच्या माणसासाठी देतात. गाण्याचाही धडा तिथं आहे. एर्नाकुलमच्या सरकारी जनरल हॉस्पिटलमध्ये २०१४ पासून बुधवारच्या बुधवारी गाणं होऊ लागलं. कोची बिएनाले फाउंडेशन, लेकशोर हॉस्पिटल आणि गायक मेहबूब यांच्या नावानं चालणारा वाद्यवृंद यांनी मिळून ते उभं केलं. सरकारी दवाखान्यात ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी गाणं होऊ शकतं, हे त्यातून दिसलं.

महाराष्ट्रात गाणाऱ्यांचा तुटवडा नाही. प्रत्येक गावात, शहरातल्या प्रत्येक आळीत भजनी मंडळ आहे. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देणारी हजारो मुलं-मुली आहेत. निवृत्त झाल्यावर पेटी, बासरी, कराओके शिकणारी माणसं आहेत. कमी आहे ती दवाखान्यातल्या एका माणसाची, ज्याच्याकडं हे काम सोपवलेलं असेल: कोणत्या वारी कोण येणार, त्यांना काय शिकवायचं, कोणत्या वॉर्डात जायचं, हे बघणारं कुणीतरी. स्वयंसेवकाला पैसे नकोत, पण त्याचं प्रवासभाडं, त्याचं प्रशिक्षण आणि त्याचं वेळापत्रक ही दवाखान्याची जबाबदारी आहे. उत्साही मंडळी दिवाळीत एकदा येऊन सतरंजीवर कार्यक्रम करून जातात, त्याचं कौतुक आहेच; पण गरज आहे ती दर मंगळवारी येणाऱ्या दोन माणसांची.

आणि एक मागणी अशी, जिचा खर्च शून्य आहे. दवाखान्याच्या केसपेपरवर वय असतं, वजन असतं, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते असतं. त्यात एक ओळ वाढवावी: काय ऐकायला आवडतं? ती भरायची पेशंटला विचारून. मुलाला किंवा सुनेला विचारून नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्याबाबतीतच घरच्यांना विचारावं. गायक उपलब्ध असो वा नसो, रेडिओ लावणाऱ्या आयाबाईला, मोबाइलवर काही ऐकवणाऱ्या नातवाला ती ओळ उपयोगी पडेल. कुणी तिथं भीमसेन लिहील, कुणी पोवाडा, कुणी अजान, कुणी पावसाचा आवाज. कुणी ‘काही नको, शांतता हवी’ असंही लिहील. ते उत्तरही तितक्याच आदरानं पाळावं. पण ती ओळ कोरी राहता कामा नये.